भावाची भूल रात्रभर उतरली नाही. आता मुलाचं ऑपरेशन करू का?

डॉक्टरताई, नमस्कार.

मी नांदेड जिल्ह्यातली. आम्ही आर्यवैश्य, गावात कोमटी म्हणतात. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर माझ्या मोठ्या भावाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. पाऊण तासात बाहेर आणतो म्हणाले होते. ऑपरेशन झालं, पण भाऊ श्वासच घेईना. संध्याकाळभर एक जण हाताने फुगा दाबत बसला होता. मग मोठ्या दवाखान्यात हलवलं, मशीनवर ठेवलं. पहाटे आपोआप श्वास आला आणि सकाळी त्याने चहा मागितला. डॉक्टर म्हणाले, "यांना भुलेची ॲलर्जी आहे." कार्डावर नुसतं 'डिलेड रिकव्हरी'. भाऊ म्हणतो, मला सगळं ऐकू येत होतं, कुणाचा तरी मोबाइल सारखा वाजत होता, पण पापणी हलवता येत नव्हती. आम्ही म्हटलं, स्वप्न पडलं असेल.

आता माझ्या सात वर्षांच्या मुलाचे टॉन्सिल काढायचे आहेत. तारीख पुढच्या महिन्यातली. सासूबाई म्हणतात, अजिबात नको, तुमच्या माहेरच्या रक्तातच काहीतरी आहे. (सासूबाई माझ्या सख्ख्या आत्या. मला आत्याच्याच घरी दिलंय.) पुतण्या पुण्यात कॉम्प्युटरला आहे. तो म्हणतो, थुंकी पाठवून डीएनए टेस्ट करा, कुठलं औषध चालतं ते सगळं कळतं. सासऱ्यांना स्टेंट बसवलाय, त्यांचीही करू म्हणतो. पैसे बरेच आहेत. काय करू?

— एक बहीण

*

ताई,

ऑपरेशन रद्द करू नका. फार तर पंधरा दिवस पुढे ढकला. टॉन्सिल कुठे पळून जात नाहीत. या पंधरा दिवसांत कामं दोनच: एक जुना कागद मिळवायचा आणि एक रक्ततपासणी करायची. ती कुठली ते सांगतेच, पण आधी भावाचं काय झालं असावं ते समजून घेऊ, कारण दोन वर्षं तुमचं सगळं घर एका चुकीच्या शब्दाला धरून बसलंय.

तो शब्द म्हणजे ॲलर्जी. भूल देताना औषधाची खरी ॲलर्जी झाली तर अंगावर गांधी उठतात, ब्लडप्रेशर धाडकन खाली येतं, छाती आवळते. रात्रभर नुसता श्वास थांबून पहाटे आपोआप सुरू होणं आणि सकाळी चहा मागणं, ही ॲलर्जीची चाल नव्हे. आमच्या धंद्यात 'ॲलर्जी' हा शब्द फार सैल वापरला जातो. नातेवाइकांना पटतो, डॉक्टरचीही सुटका होते. पण पुढचा डॉक्टर विचारतो, "कशाची ॲलर्जी?" आणि तिथे सगळे गप्प.

भूल म्हणजे एक औषध नसतं. एक झोपवतं, एक दुखणं थांबवतं, एक स्नायू सैल करतं, म्हणजे श्वासनलिकेत नळी घालता येते. अपेंडिक्ससारख्या तातडीच्या ऑपरेशनला, पोटात अन्न असायची भीती असते तेव्हा, ही नळी झटपट घालावी लागते. त्यासाठी आमच्या ट्रेमध्ये वर्षानुवर्षं एक औषध असतं, सक्सिनिलकोलीन. थिएटरात त्याला पूर्ण नावाने कुणी हाक मारत नाही, "स्कोलिन भरलं का?" एवढंच. शिरेत गेलं की मिनिटभरात पापण्या, खांदे, पोट, मग पायाची बोटं, अशी कातडीखाली बारीक थरथर धावत जाते. अंगातून मुंग्यांची रांग निघाल्यासारखी. ती थांबली की माणूस पूर्ण सैल. पाच-दहा मिनिटांत परत हालचाल सुरू होते.

ही पाच-दहा मिनिटं ठरवतं पेशंटचं रक्त. आपलं यकृत एक एन्झाइम तयार करून रक्तात सोडतं. त्याचं नाव ब्युटिरिलकोलिनेस्टरेज, लॅबच्या कागदावर बहुधा 'स्यूडोकोलिनेस्टरेज' किंवा 'सिरम कोलिनेस्टरेज'. टोचलेल्या स्कोलिनचा बराचसा भाग स्नायूपर्यंत पोचायच्या आतच हे एन्झाइम मोडून टाकतं. काही माणसांत ते जन्मतः निकामी असतं, काहींत जवळपास नसतंच. एरवी त्यांना काही होत नाही. शेती करतात, दुकान चालवतात, नातवंडं खेळवतात. स्कोलिनशी गाठ पडली नाही तर हे आयुष्यभर कळणारही नाही. गाठ पडली, तर पाच मिनिटांचा डोस कित्येक तास पुरतो. तेवढा वेळ कुणी श्वास देत राहिलं तर औषध हळूहळू उतरतं आणि माणूस होता तसा परत मिळतो. म्हणजे त्या संध्याकाळी फुगा दाबत बसलेल्या माणसाने तुमच्या भावाला वाचवलं आहे. चुकलं असेल तर ते नंतर, कार्ड लिहिताना.

मी भावाला तपासलेलं नाही आणि कुठलं औषध दिलं ते तुमच्या पत्रात नाही, म्हणून 'बहुधा' म्हणते. पण हे 'बहुधा' बऱ्यापैकी जाड आहे.

मी स्वतः यात एकदा तोंडावर आपटले आहे. शिकत होते तेव्हाची गोष्ट. हर्नियाचा पेशंट, ऑपरेशन संपलं, तो हलेना. मला वाटलं, दुसरं स्नायू सैल करणारं औषध अंगात राहिलंय. ते उतरवायचं नेहमीचं इंजेक्शन निओस्टिग्मिन, मी ते देऊन टाकलं. निओस्टिग्मिन या कोलिनेस्टरेजलाही दाबतं हे पुस्तकात वाचलं होतं, रात्री अडीच वाजता आठवलं नाही. मनगटावर दोन तारा लावून बारीक करंट द्यायचा आणि अंगठा उडतो का ते बघायचं, असं एक छोटं यंत्र आमच्याकडे असतं. मी तीन तास त्या अंगठ्याकडे बघत बसले होते. हैदराबादला शिकून आलेले आमचे सर आले. त्यांनी केसपेपर वर-खाली करून पाहिला आणि मला एकच विचारलं, "पेशंटचं आडनाव वाचलंस का?"

आडनाव बघून औषध ठरवायचं, हे ऐकायला विचित्र वाटेल. त्यामागे सत्तर वर्षांचं काम आहे. स्कोलिन १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला वापरात आलं आणि लगेच काही पेशंट तासन्तास श्वास घेईनासे झाले. कॅनडात टोरांटोला वर्नर कॅलो नावाच्या औषधशास्त्रज्ञाने याचा पाठपुरावा केला. १९५७ साली त्याने डिबुकेन नावाच्या रसायनावर चालणारी एक साधी तपासणी बसवली. नेहमीच्या माणसाचा आकडा ८०च्या आसपास, दोन्ही पालकांकडून बिघडलेलं जनुक मिळालेल्याचा २०च्या आसपास, एकाच बाजूने मिळालेल्याचा मधे, ६०च्या घरात. औषधाला शरीर कसं उत्तर देतं तेही उंची-रंगासारखं घराण्यातून येतं, हे इतक्या स्वच्छ आकड्यांत दिसलं. १९५९ साली फ्रिडरिख फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने या अभ्यासाला फार्माकोजेनेटिक्स असं नाव दिलं आणि त्यावरचं पहिलं पुस्तक १९६२ साली कॅलोनेच लिहिलं.

आता तुमच्या समाजाचं. हे एन्झाइम ५७४ मण्यांची माळ आहे असं समजा. आर्यवैश्य समाजातल्या लोकांमध्ये त्यातला ३०७वा मणी बदललेला सापडतो, ल्युसीन नावाच्या मण्याच्या जागी प्रोलीन नावाचा. हे २००६ साली छापून आलं. हा बदल आई आणि वडील दोघांकडून आला की एन्झाइम जवळपास शून्यावर येतं. तुमच्या समाजात ही कमतरता इतरांच्या मानाने साधारण शंभर पट जास्त आढळते. त्यामुळे तेलंगण-आंध्रातले जुने भूलतज्ज्ञ आर्यवैश्य पेशंट म्हटलं की स्कोलिनची सुई बाजूला ठेवतात. नांदेड काही तिथून लांब नाही, तरी ही सवय सीमा ओलांडून इकडे यायला वेळ लागला, हे कबूल करते.

याचं कारण रक्तातला दोष वगैरे काही नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतले लालजी सिंग, के. थंगराज आणि अमेरिकेतले डेव्हिड राइश यांच्या गटाने २००९ साली दाखवलं, की आर्यवैश्य समाजात दोन-तीन हजार वर्षं बाहेरची सोयरीक जवळजवळ झालेली नाही. आज लोकसंख्या तीस लाखांच्या वर, पण मूळ पूर्वज मोजके. त्या मोजक्यांपैकी एखाद्याकडे हा बदललेला मणी होता, तो पिढ्यान्पिढ्या घरातल्या घरात फिरत राहिला. म्हणून नवरा-बायको नात्यातले नसले तरी दोघांकडे तो असू शकतो. आणि तुमचाच समाज असा आहे असंही नाही. याच मंडळींनी पुढे २०१७ साली दक्षिण आशियातले २६०हून जास्त समाज तपासले. त्यात ८१ असे निघाले, की ज्यांचा हा मोजक्या पूर्वजांचा ठसा युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंपेक्षा आणि फिनलंडच्या लोकांपेक्षाही ठळक आहे. प्रत्येकाकडे आपापला बदललेला मणी असणार. तुमचा सापडलाय, एवढाच फरक.

सासूबाईंचं वाक्य वाचून मात्र मला हसू आलं, रागावू नका. त्या तुमच्या वडिलांच्या सख्ख्या बहीण. मग 'तुमच्या माहेरचं रक्त' म्हणजे कुणाच्या माहेरचं? भावात या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील, तर एक आईकडून आली आणि एक वडिलांकडून. वडिलांकडे आहे म्हणजे त्यांच्या बहिणीकडे असायची शक्यता निम्मी, तिच्या मुलाकडे, म्हणजे तुमच्या यजमानांकडे, पाव. तुम्ही स्वतः चारात एक या हिशेबाने भावासारख्याच असू शकता, चारात दोन या हिशेबाने एकच प्रत बाळगणाऱ्या. सगळं गुणून मुलाची शक्यता सोळात एक येते, आणि सासऱ्यांकडूनही काही येऊ शकतं म्हणून 'किमान' सोळात एक. पंधरा वेळा काही नाही. पण सोळात एक हा आकडा माझ्यासारखीला टेबलावर घाम फोडायला पुरेसा आहे. सासूबाईंना हे भांडणाच्या सुरात सांगू नका. "आत्या, तुमचंही रक्त तपासायचंय" असं म्हणा. त्यांना मान दिल्यासारखंही होईल, आणि त्यांना उद्या गुडघ्याचं किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन लागलं तर उपयोगही होईल.

आता कामं. पहिलं काम भावाच्या फाइलचं, आणि ते या आठवड्यात. डिस्चार्ज कार्ड नको, ऑपरेशनच्या वेळची भुलेची नोंद हवी. तिच्यात कुठलं औषध, किती, किती वाजता ते असतं. दाखल पेशंटची कागदपत्रं डॉक्टरांनी तीन वर्षं जपायची आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असा वैद्यकीय परिषदेचा नियम आहे. दोन वर्षं झालीत, अजून मुदत आहे. दोन्ही दवाखान्यांत लेखी अर्ज द्या. भांडायला आलो नाही, मुलाच्या ऑपरेशनसाठी हवंय, असं आधीच सांगितलं तर कपाटं लवकर उघडतात.

त्या नोंदीत एक गोष्ट मुद्दाम बघायला सांगा: त्या दिवशी भावाला कडक ताप चढला होता का, अंग लाकडासारखं ताठलं होतं का? तसं असेल तर प्रकरण वेगळं. स्कोलिनने आणि भुलेच्या काही वायूंनी भडकणारा तो दुसराच आनुवंशिक आजार आहे, मॅलिग्नंट हायपरथर्मिया. त्यात वायूही टाळावे लागतात आणि डँट्रोलीन हे औषध हाताशी ठेवावं लागतं. तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही, पण विचारायचं राहायला नको.

दुसरं काम, सिरम कोलिनेस्टरेजची तपासणी. भाऊ, तुम्ही, यजमान, मुलगा, आणि तयार झाल्या तर आत्या. साधं रक्त, उपाशीपोटी जायची गरज नाही. ही तपासणी आपल्याकडे अनोळखी नाही. कीटकनाशकाची विषबाधा झालेल्या शेतकऱ्याची हीच करतात, कारण ऑर्गॅनोफॉस्फेट औषधं हेच एन्झाइम मारतात. म्हणून भावाने नुकतीच फवारणी केली असेल तर महिना-दीड महिना थांबून रक्त द्या, नाहीतर आकडा फसवेल. गरोदरपणात आणि यकृताच्या आजारातही तो खाली येतो. कॅलोची डिबुकेन तपासणी सगळीकडे होत नाही, पण तुमच्यात जो बदल आढळतो त्यात एन्झाइम जवळपास नसतंच, त्यामुळे साधा आकडाही पुरेसा बोलतो. एकच प्रत असलेल्यांचा आकडा मात्र नेहमीच्या हद्दीतही बसू शकतो. त्याची काळजी नको, त्यांच्यात स्कोलिनचा असर जरा जास्त वेळ टिकतो, फार काही बिघडत नाही.

रिपोर्ट काहीही येवो, मुलाच्या भूलतज्ज्ञांना ऑपरेशनच्या आधी जाऊन भेटा. सर्जनना नाही, भूलतज्ज्ञांना. स्कोलिनवाचून टॉन्सिलचं काही अडत नाही. मुलांमध्ये ते एरवीही तातडीलाच राखून ठेवतात. स्नायू सैल करायला ॲट्राक्युरियम आहे, रोक्युरोनियम आहे, त्यांना उतरायला या एन्झाइमची गरज लागत नाही. मिवाक्युरियमला मात्र लागते, तेही टाळायचं. दाताच्या डॉक्टरकडचं जागा बधिर करायचं लिग्नोकेन चालतं.

पुतण्याच्या डीएनए किटबद्दल. पोरगा मनापासून सांगतोय, त्याला फटकारू नका. पण या प्रश्नासाठी ते पैसे घालू नका. अशी किटं सगळं जनुक वाचत नाहीत, ठरावीक जागाच तपासतात, आणि त्या जागा बहुतेक युरोपीय लोकांच्या अभ्यासातून निवडलेल्या असतात. तुमचा ३०७वा मणी त्या यादीत नसेल, तर रिपोर्टवर हिरव्या अक्षरांत 'नॉर्मल' येईल आणि सगळे निर्धास्त होतील. त्यापेक्षा रिपोर्ट नसलेला बरा. एन्झाइमच्या तपासणीला मणी कितवा बदललाय याच्याशी देणंघेणं नाही, ती काम होतं की नाही एवढंच बघते. आपल्या लोकांच्या याद्या आता कुठे तयार होताहेत. जीनोम इंडिया प्रकल्पाने दहा हजार भारतीयांचे जीनोम वाचून २०२५च्या जानेवारीत ती माहिती संशोधकांना खुली केली. किटवाल्यांपर्यंत ती नीट पोचायला अवधी आहे.

सासऱ्यांची गोष्ट मात्र वेगळी, आणि इथे पुतण्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. स्टेंटनंतर बहुतेकांना रक्त पातळ ठेवायला क्लोपिडोग्रेल देतात. ही गोळी आहे तशी निष्क्रिय असते. यकृतातलं सीवायपी-टू-सी-नाइन्टीन हे एन्झाइम तिला जागं करतं. आपल्याकडे दहातल्या चार-पाच जणांत तरी या जनुकाची एक मंद प्रत असते. दोन्ही प्रती मंद असतील तर गोळी पोटात जाऊनही रक्त हवं तितकं पातळ राहत नाही. अमेरिकेच्या औषध खात्याने २०१०मध्ये या गोळीच्या माहितीपत्रकावर चौकटीत इशारा छापायला लावला तो यासाठीच. ही एका जनुकाची तपासणी हृदयरोगतज्ज्ञ लिहून देऊ शकतात, आणि गरज पडली तर प्रासुग्रेल किंवा टिकाग्रेलोर असे पर्याय आहेत. स्टेंटला किती महिने झाले, रक्तस्रावाचा धोका किती, हे सगळं बघून ठरवायचं असतं, म्हणून विचारायचं त्यांनाच. तोवर गोळी एक दिवसही बंद करायची नाही, हे सासऱ्यांना दोनदा सांगा. आणि ते पित्तासाठी रोज ओमेप्राझोल घेत असतील तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण ते याच एन्झाइमला अडवतं. (पित्तावरून आठवलं. पुण्यात २०११ साली १३२ निरोगी माणसांची प्रकृती आणि हेच जनुक ताडून पाहिलं होतं. पित्त प्रकृतीच्यांत एन्झाइम जास्त चपळ आणि कफ प्रकृतीच्यांत मंद, असा कल दिसला. अभ्यास छोटा आहे, त्यावरून गोळ्या ठरवायच्या नसतात, पण आजीचं 'ह्याला औषध लागू पडत नाही गं' हे वाक्य मला तेव्हापासून वेगळं ऐकू येतं.)

भावाचा आकडा कमी आला, तर एक चिठ्ठी करून लॅमिनेट करून घ्या आणि फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ठेवा: 'स्यूडोकोलिनेस्टरेज कमतरता. सक्सिनिलकोलीन व मिवाक्युरियम देऊ नये.' खाली रिपोर्टची तारीख आणि आकडा. लॅबवाल्यांकडून तीच ओळ इंग्रजीत लिहून घ्या. माहेरच्या मुलींकडे ती जरूर असू द्या. सिझेरियन अचानक पूर्ण भूल देऊन करायची वेळ आली, तर आजही ट्रेमध्ये पहिलं स्कोलिनच असतं. मानसोपचारातल्या शॉक ट्रीटमेंटलाही तेच वापरतात, आणि घरात कुणाचे असे उपचार चालू असले तर ते बहुधा कुणाला सांगितलेले नसतात.

आता भावाचं, जे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. स्कोलिन स्नायू बंद करतं, मेंदूला आणि कानांना हात लावत नाही. झोपेचं औषध उतरलं असणार आणि स्कोलिन उतरलं नसणार. अशा वेळी माणूस पूर्ण जागा असतो आणि त्याला बोट हलवता येत नाही. श्वास परत येईपर्यंत पेशंटला झोपवून ठेवायचं असतं, ते त्या धावपळीत राहून गेलं असावं. म्हणजे तो मोबाइल खरंच वाजत होता. भावाला सांगा, डॉक्टरताई म्हणाल्या की तू ऐकलंस ते खरं होतं. त्याला अजून रात्री दचकून जाग येते का, दवाखान्याच्या नावाने तो टाळाटाळ करतो का, हेही विचारा. तसं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना ही गोष्ट जशी घडली तशी सांगू दे. रक्त द्यायला जाल तेव्हा त्याला एकट्याला पाठवू नका, तुम्ही बरोबर जा.